मालक नसलेलं अ‍ॅप आणि दवाखान्याची पाळी

आमच्यातला कुणी दवाखान्यात पडला की आमची पाळी लागते. ही रीत कारखान्यातून आलेली. अंबडच्या ज्या कारखान्यात आम्ही तीस-तीस वर्षं काढली तिथे पहिली पाळी सातला सुरू व्हायची आणि दुसरी तीनला. आम्ही निवृत्त झालो, कारखाना दुसऱ्याच कुणी घेतला, आमची यंत्रं भंगारात गेली, पण पाळी काही अंगातून गेली नाही. आता आम्ही अठरा जण उरलो आहोत. कुणाचा गुडघा, कुणाचं हृदय, कुणाचा प्रोस्टेट. कुणाचं काहीही निघो, सकाळी सातला पहिल्या पाळीचा माणूस डबा घेऊन खाटेपाशी हजर, आणि तीनला दुसरा येईपर्यंत तो जागचा हलत नाही. जाताना रीतसर चार्ज देतो: गोळी दिली, लघवी झाली, डॉक्टर अजून फिरकलेला नाही. मुलं सगळ्यांची पुण्याला, बंगळुरूला, काहींची त्याहून लांब. त्यांना बाप व्हिडिओ कॉलवर दिसतो. बापाला भांडं लागतं, ते आम्ही देतो.

आपल्यातला कुणी दवाखान्यात एकटा पडायचा नाही, एवढा एकच आमचा नियम. बाकी आमचं कशावरच एकमत नाही.

मी चौदा वर्षं युनियनचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे पाळीचा तक्ता करायचं काम आपोआप माझ्या गळ्यात. आणि आमचे अध्यक्ष आजही अध्यक्षच. दिंडोरीकडचा माणूस, लेथवरचा टर्नर, चार शब्दांत काम भागत असेल तर पाचवा बोलणार नाही. मी भाषणं करायचो आणि तो माझ्या शेजारी उभा राहायचा. साहेबाच्या केबिनमध्ये मी आवाज चढवला की तो टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवायचा. माझ्या नोकरीची निदान दहा वर्षं त्या पायामुळे टिकली, हे मला बायकोने सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. आता पटतं.

पाळीचा तक्ता आम्ही पूर्वी फळ्यावर लावायचो, मग कागदावर, मग सगळं जग वापरतं त्या हिरव्या अ‍ॅपच्या ग्रुपवर. तिथे त्याची माती झाली. तक्ता टाकला की पाच मिनिटांत त्याच्यावर गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, कारल्याच्या रसाने विरघळणारे ब्लॉकेज आणि देशाचं भवितव्य यांचा ढीग पडायचा. एकदा आमचा एक वेल्डर बायपास होऊन पडला होता आणि दुसऱ्या पाळीचा माणूस गेलाच नाही. विचारलं तर म्हणाला, तक्ता दिसला नाही. मी मोजलं तर तक्ता आणि त्याचे डोळे यांच्यामध्ये त्रेसष्ट शुभ सकाळी होत्या. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली.

माझी मुलगी पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. तिच्याजवळ मी कुरकुर केली. ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्या प्रकारची अ‍ॅपही असतात. त्यांना मालक नसतो."

मी म्हणालो, "परत बोल."

"मालक नसतो. प्रत्येक गट आपापला सर्व्हर चालवतो आणि सगळे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात. कोणी कोणाचा नोकर नाही."

ज्या माणसाने उभी हयात मालकाच्या नावाने शंख केला त्याला हे वाक्य ऐकवणं म्हणजे मुंगळ्यापुढे गूळ ठेवणं. मला रडू यायचं बाकी राहिलं. आपण जे मोर्चे काढून मिळवू शकलो नाही ते पोरांनी कॉम्प्युटरवर करून ठेवलंय, असं मी दुसऱ्या दिवशी त्रिमूर्ती चौकातल्या चहाच्या दुकानात सगळ्यांना सांगितलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष बशीतला चहा संपवून म्हणाला, "मालक नाय, तं मग गेट कोण उघडणार?"

मी हसलो. जुन्या वळणाचा माणूस, म्हणालो. मतदान घेतलं. बहुमत माझं.

अ‍ॅप उतरवून घेतल्यावर त्याने पहिलाच प्रश्न विचारला की तुम्ही कोणत्या सर्व्हरवर राहणार? खाली यादी. एक मांजरप्रेमींचा, एक रेल्वे इंजिनांचे फोटो काढणाऱ्यांचा, एक बिनदुधाचे केक करणाऱ्यांचा, काही कुठल्या भाषेत होते तेही कळेना. आम्हाला फक्त पाळीचा तक्ता लावायचा होता. सिडकोतल्या माणसाला घरात शिरायच्या आधी विचारावं की तुम्ही कोणत्या ग्रहावर राहता, तसला प्रकार. आमच्यातला सटाण्याकडचा एक मशिनिस्ट म्हणाला, "हाई काय शे?" आणि फोन उलटा करून ठेवला. दुसऱ्या एकाने मांजराचं चित्र बरं दिसलं म्हणून तेच दाबलं. तीन आठवडे तो गृहस्थ आपल्या रक्तदाबाचे आकडे रोज त्या मांजरवाल्यांना कळवत होता. कुणीतरी परदेशी बाई रोज त्याला लाल बदाम पाठवायची. त्याच्या बीपीची साता समुद्रापार काळजी घेतली जात होती आणि पवननगरात कुणाला पत्ता नव्हता.

शेवटी मुलीने आमचा स्वतंत्र सर्व्हर काढून दिला आणि त्याचा चालक म्हणून माझं नाव घातलं. "कोणीतरी लागतं बाबा," ती म्हणाली. मालक नाही म्हणता म्हणता किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला आला, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. म्हणजे आलं, पण आवडलं.

मग आली बारा शब्दांची भानगड. या अ‍ॅपमध्ये प्रत्येकाला बारा गुप्त शब्द मिळतात. फोन हरवला, बदलला, तर तेच शब्द दिले की खातं परत उघडतं. शब्द हरवले तर विसरलात का, म्हणून विचारणारं बटण नाही, तक्रार करायला माणूस नाही. मालक नसल्याचा हा पहिला फायदा. स्क्रीनवर ठळक लिहिलं होतं की हे शब्द जपून ठेवा. आता युनियनच्या माणसाला एखादी गोष्ट जपून ठेवायला सांगितली की तो ती कुठे ठेवणार? इतिवृत्तात. मी खास सभा बोलावली. एकेक सभासद उभा राहिला आणि आपले बारा शब्द वाचून दाखवू लागला. मी ते वहीत उतरवले, प्रत्येकाला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. चहावाल्यासकट सगळ्या दुकानाने आमचे शब्द ऐकले. मुलीला हे मी फोनवर अभिमानाने सांगितलं. मग ती म्हणाली, "बाबा, ते कोणालाही सांगायचे नसतात." मी म्हणालो, आमच्यात लपवाछपवी चालत नाही.

खरं सांगायचं तर त्या वेडेपणाचा उपयोगच झाला. पुढे चौघांचे फोन बदलले आणि चौघेही वहीतून शब्द घेऊन गेले. दवाखान्यात परत भरती झालेला वेल्डर सोडला तर त्या सभेला एकच माणूस हजर नव्हता, तो अध्यक्ष. त्याची त्या दिवशी पहिली पाळी होती, वेल्डरच्या खाटेपाशी.

एवढं झाल्यावर अ‍ॅप चालू लागलं, असं म्हणायचं. प्रत्येकाचं नाव दोनदा लिहायचं, एकदा माणसाचं आणि एकदा सर्व्हरचं, मध्ये भोपळ्याच्या वेलासारखी चिन्हं. संदेश तीन वेगवेगळ्या याद्यांत दिसायचे आणि आपला कोणत्या यादीत पडला ते ब्रह्मदेवाला ठाऊक. एखाद्याला उत्तर दिसायचं पण प्रश्न दिसायचा नाही. "हो, उद्या सातला येतो" असं कोणीतरी लिहिलेलं वाचून तिघंजण उद्या सातला आपल्याकडे कोण येतंय याची वाट बघत बसले. आणि हे सगळं बिनबोभाट पार पडावं म्हणून मी आणखी एक ठराव करून घेतला होता: यापुढे पाळीसाठी कुणी कुणाला फोन करायचा नाही, सगळं अ‍ॅपवर. फोनवर सांगितलेलं नोंदीत येत नाही, हे माझं कारण. सेक्रेटरीला नोंदीचं वेड असतं.

शुभ सकाळ आणि कारल्याचा रस यांना बंदी घालणारा नियमही माझाच. तो काही जणांना झोंबला. त्यांचा पुढारी आमचा एक फिटर. त्याचा जावई ओझरला राहतो आणि त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं. "कोणीपण आपला सर्व्हर काढू शकतो, असं तूच बोलला ना?" म्हणत फिटर सहा जणांना घेऊन बाहेर पडला आणि जावयाने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांचा सर्व्हर चालू करून दिला. कामगार चळवळीला पन्नास वर्षांत जमलेली एकच गोष्ट म्हणजे फूट, ती आम्ही इथे दोन महिन्यांत करून दाखवली. ओझरला वीज गेली की त्यांचा सर्व्हर झोपायचा. जावयाची बायको फरशी पुसताना प्लग काढायची तेव्हाही झोपायचा. पण त्याबद्दल अवाक्षर काढायची सोय नव्हती, कारण जावयाला नावं कोण ठेवणार? सासरा अठरा तास बंद पडलेल्या सर्व्हरसमोर बसून, "आमचं जावईबापू लय हुशार," एवढंच म्हणायचा.

तरी एक मान्य केलं पाहिजे. दोन सर्व्हर झाले तरी एकमेकांचं एकमेकांना दिसायचं. मी तक्ता टाकला की तो तिकडेही वाचला जायचा. भांडण चालू आणि पाळीही चालू, असं काही दिवस बरं चाललं.

त्याच सुमारास अध्यक्षाचा फोन पाण्याच्या टाकीत पडला. नवा घेतला, अ‍ॅपने बारा शब्द मागितले. ते त्याच्याकडे नव्हते आणि माझ्या वहीतही नव्हते. त्याने मला विचारलं, "आता?"

मी म्हणालो, "आता काय, ते खातं गेलं. शब्द जपून ठेवायला सांगितलं होतं."

असं मी त्याला म्हणालो. साहेब लोक आम्हाला ज्या आवाजात नियम सांगायचे ना, अगदी त्या आवाजात. नवं खातं काढून देतो, दोन दिवसांनी ये, असंही म्हणालो आणि विसरलो. फिटर विसरला नाही. त्याने जावयाकडून आपल्या सर्व्हरवर अध्यक्षाला खातं काढून दिलं. मला वाटत राहिलं की अध्यक्ष माझ्याच बाजूला आहे, कारण त्याचं जुनं खातं माझ्या यादीत तसंच दिसत होतं. मी त्यावर निरोप पाठवायचो, निरोप जायचा, उत्तर येत नव्हतं. रुसला असेल, म्हटलं. फोन उचलून विचारावं असं एकदा वाटलं. पण फोन करायचा नाही हा ठराव कुणाचा? माझाच. आपणच आपला ठराव मोडायचा तर सेक्रेटरी कशाला झालो.

मग एक दिवस जावयाच्या सर्व्हरवर फिटरने लिहिलं: आमच्या सेक्रेटरीची जन्मभराची इच्छा पुरी झाली, शेवटी तो मालक झाला. खाली पाच जणांनी हसरी तोंडं टाकली होती.

माझं टाळकंच सरकलं. खोटं असतं तर मी सोडून दिलं असतं. चालकाच्या पानावर गेलो, तर तिथे अख्खा सर्व्हर रोखायचं बटण होतं. बहिष्कार म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. कारखान्यात आम्ही कँटीनच्या चहावर बहिष्कार टाकला होता तेव्हा कँटीनवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळलं होतं, बोर्डावर लिहिलं होतं, घोषणा दिल्या होत्या. ज्याच्यावर टाकला त्याला कळतो, तेव्हा कुठे तो बहिष्कार. इथे नुसतं विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. झालं. त्यांना नोटीस नाही, आमच्याकडे घोषणा नाही. माझ्या बाजूच्या नऊ जणांनाही काही कळलं नाही. त्यांना फक्त तिकडचं काही दिसेनासं झालं, आणि तिकडच्यांना आमचं.

काय शांतता झाली म्हणून सांगू. पडदा स्वच्छ, फुलं नाहीत, टोमणे नाहीत. आता अ‍ॅप सुधारलं, असं मी बायकोला म्हणालो. तीन आठवडे मी त्या शांततेत मजेत होतो.

एका शुक्रवारी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला चौकातल्या मेडिकलमध्ये गेलो, तर अध्यक्षाची बायको काउंटरशी उभी. हातात मोठ्या माणसांच्या लंगोटांचं पाकीट आणि सलाईनची नळी. केस विस्कटलेले. वहिनी सातपूरहून इकडे कुठे, म्हणून मी विचारायला गेलो, तेवढ्यात तिनेच माझ्याकडे पाहिलं. रागावलेली दिसली नाही. दमलेली दिसली.

"भाऊजी, तुम्ही आला नाही," ती म्हणाली.

"कुठे?"

"ह्यांचं ऑपरेशन होतं मंगळवारी. बाथरूममधी पडले, खुब्याचं हाड मोडलं. तुमचं नाव होतं ना पहिल्या पाळीला."

तक्ता तिकडच्या सर्व्हरवर लागला होता. फिटरने तो अध्यक्षाला विचारून केला होता आणि अध्यक्षाने सांगितलं होतं, पहिली पाळी सेक्रेटरीची, तीन दिवस. ऑपरेशनला तोच पायजे. तिकडच्या आठांतला एक खुद्द अध्यक्ष. उरलेल्या सातांपैकी दोघे स्वतःच आजारी, एक वणीला गडावर गेलेला, बाकीच्यांनी दुसऱ्या पाळ्या भरून काढल्या. पहिली पाळी तीन दिवस माझी म्हणून कुणी आलं नाही, आणि शुक्रवारच्या पहिल्या पाळीला माणूसच उरला नव्हता. मला फोनही कुणी केला नाही. ठराव होता. शिवाय माझं एक अक्षरही तीन आठवडे दिसलं नव्हतं, तेव्हा सेक्रेटरीने आपल्याला वाळीत टाकलं असं अध्यक्ष सोडून सगळ्यांनी धरलंच होतं.

"सातला न्यायला आले," वहिनी सांगत होती, "तर हे म्हणले, थांबा, माझा माणूस येतोय. वॉर्डबॉय दहा मिन्टं थांबला बिचारा. मग नर्स वरडली. तरी आत नेईपोतर दाराकडंच बघत होते. मला म्हणले, रस्ता खणलाय त्यांच्याकडचा, म्हणून उशीर झाला आसल."

रस्ता खरंच खणलेला होता. मला त्याचाही आधार घ्यावासा वाटला, एवढा मी त्या क्षणी खाली गेलो होतो.

मी तिच्या हातातलं सामान घेतलं आणि तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. अध्यक्ष पाठीवर पडलेला, दोन पायांमध्ये उशी बांधलेली, दाढी चार दिवसांची. खाटेशेजारचं स्टूल मोकळं होतं. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगायला लागलो: सर्व्हर, बारा शब्द, जुनं खातं, नवं खातं, बटण. हात हलवत बोलत होतो. माझं भाषण कधी पडलं नव्हतं, पण त्या दिवशी माझं मलाच ऐकवेना. पलीकडच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा कूस बदलून भिंतीकडे वळला.

अध्यक्षाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी तूच बंद केलं?"

"हो. मीच."

"आम्हाला कळवलं?"

"त्यात कळवायची सोय नाही."

वहिनी पाकीट कपाटात ठेवत होती, ती थांबली.

"आपल्या मालकानं टाळेबंदी केली तव्हा," तो म्हणाला, "गेटवर नोटीस लावली व्हती. आपण सकाळी सातला गेलो, वाचली, आन् मग बोंबललो. नोटीस लावली व्हती त्यानं."

मी खाली बघितलं. माझा पाय त्याच्या खाटेच्या लोखंडी पायाशेजारी होता.

"चुकलो," मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्याच्याजवळ मी हा शब्द पहिल्यांदा बोललो असेन.

त्याने वहिनीला वेळ विचारली. पावणेतीन झाले होते.

"दुसऱ्या पाळीचा येईल आता," तो मला म्हणाला. "तू जा. आज तुझं नाव नाय."

मी जिन्यापर्यंत गेलो आणि तिथल्या बाकावर बसून राहिलो. तीनला पाच कमी असताना फिटर डबा घेऊन वर आला. त्याने मला पाहिलं आणि चार्ज घ्यायला आत गेला. चार्ज द्यायला आत पहिल्या पाळीचं कुणीच नव्हतं.